उघडी टाच

तिनं गाढवाच्या कानावर राखाडी रंग सोडला आणि सगळं जग राखाडी झालं. जग म्हणजे समोरच्या पडद्यावरचं. पण मंगळवारी सकाळी साडेदहाला तिला दुसरं जग होतंच कुठं? एका टिचकीत गाढव, पाण्याची टाकी, टाकीच्या काठावर पाय सोडून बसलेली मुलगी, मागची भिंत, आभाळ, सगळं एकसारखं, गुळगुळीत, एकाही ओघळाशिवाय राखाडी होऊन बसलं. तिचा हात आपोआप मांडीवरच्या फडक्याकडे गेला. पन्नास वर्षं रंग सांडला की फडकं, एवढंच त्या हाताला ठाऊक. डोक्याला विचारत बसायची त्याला सवय नव्हती. दोनदा पडदा टिपून झाला, वर फुंकरही घालून झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काच पुसतो आहोत. ती एकटीच खो-खो हसली. पोटात गोळा आला होता, नाही असं नाही. पण त्या गोळ्यात भीती थोडी आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं. उंच गेलेला झोका खाली येताना पोटात होतं ना, ते. ते शेवटचं कधी झालं होतं हे तिला आठवेना, आणि ते पुन्हा व्हावं म्हणून तिनं ‘मागे घ्या’चा बाण दाबला, पान पांढरं केलं, आणि त्याच कानावर त्याच राखाडीची टिचकी पुन्हा मारली.

घरात तिला अजूनही बारकी म्हणत. वय एकोणसाठ, चष्मे दोन, गुडघे कुरकुरे, तरी बारकीच; कारण हे नाव ठेवणारा दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा होता आणि अजून होता. दादा मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायचा. तो काळ्या शाईनं रेषा काढी, ती रंग भरी. दादा-वहिनी खालच्या मजल्यावर, ती वरच्या. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की उंबऱ्याला पुठ्ठ्याची फाइल टेकवलेली असायची. रंगून झाली की ती तशीच खालच्या दाराला टेकवून यायची. चित्रांबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. पाणी आलं का, वीजवाला येऊन गेला का, यावर तासभर बोलतील, पण चित्रांवर अवाक्षर नाही. पुस्तकावर त्याचं नाव पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत; तिचं चौथ्या पानावर, छापखान्याच्या फोन नंबरच्या खाली. तिला त्याचं काही वाटत नसे. म्हणजे वाटत नाही असं ती सांगत असे, आणि इतकी वर्षं सांगितल्यावर ते खरंच झालं होतं.

चार महिन्यांपूर्वी लकव्यानं दादाचा उजवा हात गेला. पत्रं वाटणाऱ्या गाढवाची आणि त्याच्यासोबत फिरणाऱ्या मुलीची गोष्ट होती, चोवीस चित्रांची. तेवीस पुरी झाली. चोविसाव्यात मुलगी गाढवाच्या पाठीवर उभी राहून एका उंच खिडकीत पत्र सरकवते. ती दुसऱ्या पायाच्या घोट्यापर्यंत काढून झाली आणि तिथंच पेन टेकून राहिलं. वहिनी चहा घेऊन आत गेली तेव्हा दादा सरळ बसलेलाच होता, आणि निबाखाली शाई साचून वाटाण्याएवढा डाग झाला होता. पुढं दवाखाना, व्यायाम, चाकाची खुर्ची. फाइल मात्र तिनं स्वतः उचलून वर आणली होती, आणि गेल्या आठवड्यात प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला. “ताई, आता आम्ही कागदावरचे रंग घेत नाही. फाइल लागते, कॉम्प्युटरवरची. तुम्हाला जमणार असेल तर शुक्रवारपर्यंत एक पान नमुन्याला पाठवा. नाही जमलं तर काळजी नको, आमचा स्टुडिओ आहे. ते रेषा बंद करून घेतात आणि दोन दिवसांत चोवीस पानं भरून देतात. तो शेवटचा पायसुद्धा ते पहिल्या चित्रातला उचलून जोडतील.” तिनं “बरं” म्हटलं, फोन ठेवला आणि जिन्यातच बसली. पहिल्या चित्रात मुलगी टाकीवर बसलेली आहे. बसलेल्या माणसाचा लोंबता पाय उभ्या माणसाला जोडणार? तीही टाचा उंचावून उभी असलेल्या? आणि चोवीस पानं परक्या हातात, दोन दिवसांत. तिनं तिथूनच भाचीला फोन लावला.

रविवारी भाची आली ती लॅपटॉप आणि एक काळी पाटी घेऊनच. भाची म्हणजे दादाची मुलगी. दुसऱ्या शहरात पुलांचे नकाशे काढते. आल्या आल्या तिनं चोवीसही चित्रं स्कॅन करून लॅपटॉपमध्ये घातली. पाटी खरोखर पाटीसारखीच होती, काळी, पातळ, कोरी. पेन पाटीवर फिरवायचं आणि बघायचं मात्र पडद्याकडे. “हात इथं आणि चित्र तिथं?” तिनं विचारलं. “मग मी बघायचं कुठं?” “तिथं, आत्या. हाताकडे बघूच नकोस.” हाताकडे बघू नको! आजवर सगळं आयुष्य तिनं हाताकडे बघण्यात घालवलं होतं. पहिला तासभर तिचं वर्तुळ अंड्यासारखं, अंडं बटाट्यासारखं येत राहिलं. एक रंग झाला, दुसरा घ्यायचा, म्हणून तिनं सवयीनं पेन ओठांत घालून टोक केलं आणि भाची किंचाळली. “आत्या! ते चाटायचं नाही!” कुंचल्याचं टोक ओठांतच होतं, दुसरीकडे कुठं होणार? रंग तिला चवीनं माहीत होते. निळा तुरट, पिवळा खडूसारखा, जांभळा असा कडू की दुपारच्या चहापर्यंत जिभेवरून जायचा नाही. या पेनला चवच नव्हती. थोडं प्लॅस्टिक, थोडा भाचीच्या हाताचा साबण. एक क्षण तिला पोरकं वाटलं. पण पुढच्याच क्षणी भाचीनं पेन दाबून दाखवलं. हलकं टेकवलं तर रंग पातळ, दाबलं तर गडद. तिनं स्वतः दाबून पाहिलं, आणि पाटी तिच्या हाताचं वजन ओळखते आहे हे कळल्यावर तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. हे यंत्र आंधळं नव्हतं तर.

भाची संध्याकाळी गेली, आणि तेव्हापासून ती त्या पाटीला चिकटली होती. सोमवारी भांडी तशीच पडली. थर असतात, हे तिला कळलं. जणू पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेत. खाली आभाळ, वर भिंत, त्याच्या वर गाढव, आणि सगळ्यांच्या वर दादाची रेषा. प्रत्येक थराच्या शेजारी एक बारका डोळा. तो मिटला की थर नाहीसा, उघडला की हजर. वाळायची वाट बघणं नाही, पाणी बदलणं नाही, ओल्यावर ओलं गेलं म्हणून रंगाचा बेरंग नाही. आणि तो बाण! सकाळी नऊ ते दुपारी दोन ती नुसती चुका करत होती. मुलीचा झगा तिनं हिरवा केला, मग असा लाल की दादानं तिला घराबाहेर काढलं असतं, मग कुणी कधी पाहिला नसेल असा, पारव्याच्या गळ्यावर असतो तसला. कागदावर तिनं आजवर एकही झगा दोनदा रंगवला नव्हता. कागद एकच, रेषा दादाची, चुकायची सोय नाही. कुंचला कागदाला लावण्याआधी तिचा श्वास आपोआप थांबायचा, आणि रंग आत नीट बसला की सुटायचा. त्या दिवशी दुपारी तिच्या ध्यानात आलं की आपण सकाळपासून नीट श्वास घेतो आहोत.

आणि मंगळवारी, एका टिचकीत रंग ओतणारी बादली पहिल्यांदाच वापरली, तर हा राखाडी पूर. तिनं भाचीला फोन लावला. “आत्या, कुठंतरी लाइन उघडी असणार. रंग तिथून लीक होतोय. झूम करून शोध आणि पेननं बंद कर, सोप्पंय.” बंद कर. रेषा बंद कर, म्हणजे रेषा काढ. एवढंसं बोलून भाची कुठल्याशा पुलाच्या मीटिंगला गेली, आणि इकडे हिनं पेन खाली ठेवलं. ती नऊ वर्षांची असताना दादानं एक मांजर काढलं होतं, बिनमिशांचं. विसरला असेल बिचारा, म्हणून तिनं पेन्सिलीनं तीन-तीन मिशा काढून दिल्या, मोठ्या झोकात. दादा चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवताना, ताटातून मान वर न करता म्हणाला, “रेषा माझी. रंग तुझा. कळलं?” तिला कळलं होतं. तेव्हापासून तिनं रेष म्हणून काढली नाही. दुकानाची यादी लिहून झाल्यावर खाली आडवी रेघ मारायलाही हात कचरायचा.

तिनं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. दादाची रेषा आता पडद्यावर काथ्याच्या दोरीसारखी दिसत होती, कडांना तंतू सुटलेली. त्या दोरीच्या कडेकडेनं ती कानापासून निघाली, मान, पाठ, शेपटी, मागचा पाय, आणि टाचेपाशी दोरी संपली. केसाएवढी फट. पलीकडे ती पुन्हा सुरू होत होती, जसं काही झालंच नाही. मुलीच्या कोपराशी दुसरी फट. टाकीच्या बुडाशी तिसरी. तिनं दुसरं चित्र उघडलं, मग तिसरं, मग नववं. एकही आकृती बंद नव्हती. प्रत्येक माणसाला, जनावराला, भांड्याला दादानं कुठंतरी दार ठेवलं होतं. हात थकला असेल म्हातारपणी, असं म्हणून तिनं पलंगाखालची पेटी ओढली. रंग भरण्याआधी ती प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवायची. गुडघे मोडून, भिंगाखाली, धूळ खात तिनं तीस-पस्तीस वर्षांमागची पानं पाहिली. राजा उघडा, कोंबडी उघडी, विमान उघडं. टाचेला हटकून. आणि तिनं इतकी वर्षं त्या फटींवरून रंग नेला होता, बरोबर जिथं कड यायला हवी तिथं थांबवला होता, आणि हे तिला माहीतच नव्हतं. म्हणजे त्या टाचा कुणी काढल्या? ती तशीच जमिनीवर बसून राहिली. मग पेटी उघडीच टाकून ती जिना उतरली.

खाली वहिनी दादाला पेपर वाचून दाखवत होती. तिनं दारातूनच विचारलं, “दादा, तू रेषा उघडी का सोडायचास?”

वहिनीनं पेपर खाली केला. दादाचे शब्द हल्ली एकेक करून यायचे, मध्ये थांबत. तो तिच्याकडे बघून म्हणाला, “सापडलं?”

“म्हणजे मुद्दाम?”

“तू कडेनं... पांढरं सोडायचीस.”

“मी? कधी?”

“सुरुवातीला. सगळीकडे. रेषेला... रंग लागू नये म्हणून. सुताएवढं पांढरं.” त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली. “भित्री.”

तिला एकदम ते पांढरं दिसलं. मिशांनंतरचं पहिलं चित्र, एक घोडा, आणि घोड्याच्या आतून चौफेर फिरणारी ती कोरी कड. दादाच्या रेषेला शिवायचं नाही म्हणून ती जीव मुठीत धरून रेषेच्या अलीकडेच थांबायची. घोडा आपल्याच कातड्यात सैल पडल्यासारखा दिसायचा.

“मग उघडी ठेवली,” दादा म्हणाला. “रेषच नाही... तर भीती कसली. तिथून... रंग बाहेर आला. थोडा. मग तू... सगळीकडेच नीट भरायला लागलीस.”

“आणि हे मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर... ते पण घाबरून केलं असतंस.”

“धन्य आहे तुम्हा दोघांची,” वहिनी म्हणाली. “चाळीस वर्षं एका जिन्यावर फाइली टेकवत बसलात. तोंडाला काय कुलूप होतं?”

तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. चार दिवसांचा अबोला त्यानं कधी मागे घेतला नव्हता. ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द त्याला आयुष्यात जमले नाहीत. त्याऐवजी हजारो टाचा उघड्या ठेवत बसला, मुकाट्यानं, आणि ही वर बसून त्या मिटत राहिली, तीही मुकाट्यानं. पण जिना चढताना राग दर पायरीला कमी होत गेला आणि त्याच्या जागी असा आनंद चढत गेला की वरच्या दारापाशी ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढते आहे हे तिच्या गुडघ्यांनी तिला ओरडून सांगितलं. बुधवारी दिवसभर तिनं रंग ओतायची बादली वापरलीच नाही. एकही रेषा बंद केली नाही. पेननंच भरत गेली, दाबत, हलकं करत, हाताकडे न बघता, आणि प्रत्येक फटीपाशी रंग आपणहून थांबला. नाही, आपणहून नाही. तिनं थांबवला. ही गोष्ट ती दर पंधरा मिनिटांनी स्वतःला मोठ्यानं सांगत होती. स्टुडिओ या सगळ्या फटी बुजवणार होता, दोन दिवसांत, भिंतीतली भोकं बुजवतात तशा. त्या आधी शुक्रवार होता.

नमुन्याला तिनं चोविसावंच पान घेतलं. पहिलं घेतलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग पाय त्यांनीच जोडला असता. गुरुवारी सकाळपर्यंत गाढव, मुलगी, भिंत, खिडकी, सगळं रंगून झालं. मागचं आभाळ तेवढं कोरं होतं, आणि पाय. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. शाईच्या डागापाशी बाण नेऊन ती थांबली. तिनं एक नवा थर उघडला, दादाच्या रेषेच्या वर. नाही आवडलं तर डोळा मिटायचा, कुणाला कळणारही नाही, असं म्हणत तिनं पहिला पाय काढला. तो दादाचा होता. म्हणजे दादासारखा, गोलसर, पाच सारखी बोटं. मागे घेतला. दुसराही दादाचाच. तिच्या हातात दादाचे इतके पाय भरलेले होते की दुसऱ्या कुणाचा पाय बाहेर यायला तयार नव्हता. पंचवीस झाले, तीस झाले. पस्तिसाव्याला ती उठली, खिडकीपाशी स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि खिडकीच्या वरच्या गजापर्यंत हात ताणून, टाचा उचलून उभी राहिली. तोल सावरत तिनं मान वळवून खाली पाहिलं. करंगळी आत वळलेली, अंगठा स्टुलाच्या काठात रुतलेला, टाच वर खेचलेली, तिच्यात उभी भेग, आणि घोट्यामागची शीर दोरीसारखी ताठ.

“पडशील ना!” वहिनी दारात उभी होती, हातात धुतलेली चादर. “घरात एक पुरे आहे!”

“वहिनी, माझा पाय बघ,” ती वरूनच म्हणाली. “किती कुरूप आहे बघ ना!” हे ती इतकी खूश होऊन म्हणाली की वहिनीनं चादर खाली ठेवून खरोखरच पाय निरखून पाहिला.

छत्तिसावा पाय तिनं एका दमात काढला. आत वळलेली करंगळी, रुतलेला अंगठा, ताणलेली शीर. गोष्टीतल्या नऊ वर्षांच्या मुलीला शोभणारा नव्हता तो, पण त्यावर एक अख्खी मुलगी उभी राहिली. दादाचा डाग तिनं पुसला नाही. तो घोट्याचं हाड झाला. पेन उचललं तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली, आणि त्याच भीतीत तिनं लॅपटॉप काखेत मारला, पाटी छातीशी धरली आणि खाली निघाली, कारण आणखी पाच मिनिटं थांबली असती तर तिनं डोळा मिटला असता हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दादाच्या खुर्चीसमोर स्टूल ठेवून तिनं सगळं मांडलं. दादानं पान पाहिलं. त्याची नजर गाढवापासून सुरू झाली, पाठीवर चढली, आणि पायाशी आली तेव्हा थांबली. वहिनी हातातलं काम सोडून उभी राहिली. भिंतीवरचं घड्याळ एवढं मोठ्यानं वाजतं हे तिला आजच कळलं. ती एकोणसाठ वर्षांची होती, आणि ताटासमोर बसलेली नऊ वर्षांची होती, आणि यावेळी तिनं पेन्सिलीनं नाही, काळ्याभोर शाईनं काढलं होतं.

“टाच,” दादा म्हणाला.

“काय टाचेचं?”

“उघडी आहे.”

ती पडद्यावर वाकली. मोठं करून पाहिलं. खरंच केसाएवढी फट होती. तिनं मुद्दाम ठेवली नव्हती, आईशप्पथ ठेवली नव्हती. उलट पूर्ण केली असंच ती धरून चालली होती. “बंद करू?”

“खबरदार.” तो पुन्हा पाय बघायला लागला. मग म्हणाला, “आता यात... रंग कोण भरणार?”

तिनं सगळ्यात खालचा थर निवडला, बादली निवडली, रंगांचं चक्र उघडून ते त्याच्यासमोर सरकवलं आणि पेन त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत अडकवलं. रेष काढायला हात लागतो. रंग ओतायला एक टिचकी पुरते. दादा चक्राकडे असा बघत राहिला, जणू मिठाईच्या दुकानात उभा आहे. एवढ्या वर्षांत त्याला कुणी रंग निवडायला सांगितलं नव्हतं. शेवटी त्यानं पिवळा घेतला, भडक, तिनं जन्मात घेतला नसता असला. हात पाटीवर आला, पडद्यावरचा बाण भरकटला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पायावर टेकला.

आणि टाचेतून पिवळा बाहेर पडला. पाय, आभाळ, गाढवाच्या चार पायांमधली जागा, जिथं जिथं कोरं होतं ते सगळं एका क्षणात पिवळं झालं.

“घालवलं!” दादा ओरडला. चार महिन्यांत त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्याचा डावा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, फडकं शोधत.

ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “मागे घे, दादा. हा बाण दाब. इथं मागे घेता येतं.”

त्यानं बाण दाबला. आभाळ पुन्हा कोरं झालं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पिवळा ओतला. मागे घेतला. पुन्हा ओतला. पाच-सहा वेळा झाल्यावर वहिनी म्हणाली, “अहो, पुरे, गाढवाला कावीळ होईल.” पण तो थांबला तो पिवळ्यावरच. आभाळ पिवळं, आणि त्या आभाळाचाच तुकडा असावा तसा मुलीचा पाय, मध्ये नुसती काळी, वाकडी, ताणलेली रेष. तिनं तो रंग कधी निवडला नसता. आणि आता तो बदलायचा झाला असता तर ती कुणाशीही भांडली असती.

“हेच पाठव,” दादा म्हणाला.

तिनं तिथंच बसून प्रकाशनातल्या बाईंना पत्र लिहायला घेतलं. सोबत पान चोविसावे जोडले आहे, पायासकट. रेषा बंद केलेल्या नाहीत, करू नयेत. एवढं लिहून झाल्यावर तिची बोटं थांबली. “दादा, खाली नावं घालायची आहेत. कशी घालू?”

दादाचे डोळे मिटत आले होते. पेन अजून त्याच्या डाव्या मुठीत होतं, आणि ते परत द्यायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

“नेहमीसारखी,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “या पानाला... उलटी.”